शेवटच्या गाडीआधी पाण्याची टाकी शोधा: अमेरिकेतलं रेल्वेचं छोटं गाव कसं वाचावं

नेब्रास्कातल्या एका छोट्या गावाचा इतिहास मी पहिल्यांदा लिहिला, तेव्हा शेवटची पॅसेंजर ज्या वर्षी गेली त्याच वर्षी गावाला उतरती कळा लागली असं धरून चाललो होतो. लेख तिथल्या ग्रंथालयात ठेवला. ऐंशी ओलांडलेल्या एक बाई तो वाचून मला म्हणाल्या, "ती गाडी बंद झाली तेव्हा तिच्यात बसायला उरलं होतं कोण? आमच्या रस्त्यावरची सात घरं त्याच्या कितीतरी आधी, एकाच उन्हाळ्यात रिकामी झाली. इंजिन शेड बंद झाली ना!"

माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. इंजिनाला पाणी लागतं, कोळसा लागतो, राख काढणारा लागतो, रात्री दोन वाजता घरी येऊन ड्यूटीला उठवणारा कॉलबॉय लागतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरीही मी वेळापत्रकात गावाचं मरण शोधत बसलो, याचं वाईट वाटलं. त्यानंतर मी पद्धतच बदलली. आता ज्यांना असं एखादं गाव समजून घ्यायचंय, त्याबद्दल लिहायचंय, त्यांच्यासाठी ती इथे मांडतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना प्रत्यक्ष जाता येईल. बाकीच्यांना यातली बरीचशी कागदपत्रं घरबसल्याही बघता येतात.

गाव कशासाठी बसवलं होतं?

सगळ्यात आधी हा प्रश्न. मिसिसिपीच्या पश्चिमेला बऱ्याच ठिकाणी रूळ आधी आले आणि गाव नंतर. कंपनीचा मोजणीदार कागदावर चौकोन आखायचा, प्लॉट विकले जायचे, मग माणसं यायची. त्याच्याही आधी इलिनॉय सेंट्रल रेल्वेसाठी १८५० च्या कायद्याने सुमारे २६ लाख एकर सरकारी जमीन मिळाली होती, आणि तिच्या मार्गावरची कितीतरी गावं एकाच साच्यातून काढल्यासारखी आखली गेली.

नेब्रास्कात बर्लिंग्टन रेल्वेने १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्टेशनांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावं दिली. सी पासून सुरुवात करा: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनिआटा, केनेसॉ, लोवेल. मधे फ्रेंड आणि सटन अशी क्रमाबाहेरची गावंही लागतात. मी हा मार्ग मोटारीने दोनदा केलाय, आणि दोन्ही वेळा हीच गोष्ट मनात राहिली, की आखणाऱ्याच्या लेखी ही गावं म्हणजे दोऱ्यात ओवलेले मणी होती. साधारण सात ते दहा मैलांवर एक मणी. कारण अगदी साधं: शेतकऱ्याने धान्याची घोडागाडी घेऊन सकाळी निघावं आणि अंधार पडायच्या आत घरी परतावं.

अशा धान्याच्या स्टेशनाचं आयुष्य घोड्याच्या चालीवर बेतलेलं असतं. ट्रक आला की दहा मैलांचं अंतर काहीच उरत नाही आणि तीनांपैकी दोन मणी जास्तीचे होतात.

दुसरा प्रकार म्हणजे इंजिन आणि माणसं बदलण्याचं गाव. इथले लोक त्याला डिव्हिजन पॉइंट म्हणतात. वाफेच्या काळात मालगाडीच्या ड्रायव्हर-फायरमनच्या मजुरीचा हिशेब १०० मैल म्हणजे एक दिवस असा होता. म्हणून साधारण १०० ते १५० मैलांवर इंजिनांची एक मोठी शेड, टर्नटेबल (इंजिन फिरवून उलट्या दिशेला करणारा गोल फिरता पूल), दुरुस्तीचा कारखाना, कोळशाचा मनोरा, गाडीवरच्या माणसांसाठी खाणावळी आणि झोपायच्या खोल्या. या गावात पैसा शेतातून येत नसे, पगाराच्या दिवशी येत असे.

तिसरा प्रकार जंक्शनचा. जुनिआटा आणि हेस्टिंग्ज यांची जोडी जरूर बघा. बर्लिंग्टनच्या अक्षरमालेत जुनिआटा आहे, हेस्टिंग्जचं नावही नाही. पण १८७२ मध्ये सेंट जोसेफ अँड डेन्व्हर सिटी रेल्वेचा मार्ग बर्लिंग्टनला हेस्टिंग्जच्या जागी छेदून गेला. काही वर्षांतच काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) मुख्यालय जुनिआटाहून हेस्टिंग्जला हललं. दोन्ही गावांत जेमतेम सहा-सात मैलांचं अंतर. एकाला दुसरी रेल्वे मिळाली, दुसऱ्याला नाही.

चौथा प्रकार खाणींच्या आधाराने वसलेल्या गावाचा. त्याचं उदाहरण पुढे सविस्तर देतो.

तुमचं गाव यातल्या कुठल्या प्रकारात बसतं हे कळलं, की ते कशाने कोसळलं असेल याचा निम्मा अंदाज येतो.

जागेवर काय बघायचं

रेल्वेचे रूळ ही खाजगी मालमत्ता आहे. त्यावरून चालणं बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारंही आहे. रिकाम्या वाटणाऱ्या मार्गावरही गाडी येते आणि आजची गाडी वाफेच्या इंजिनासारखी दुरून ऐकू येत नाही. फाटकाच्या रस्त्यावरून, बाजूच्या सार्वजनिक वाटेवरून जेवढं दिसेल तेवढंच बघा. तेवढं पुरतं.

मुख्य रस्ता रुळांना समांतर आहे की काटकोनात, हे पहिलं. जुन्या आखणीत दुकानं रुळांकडे तोंड करून समोरासमोर उभी असतात आणि मधे स्टेशनची पट्टी असते. नंतरच्या आखणीत मुख्य रस्ता स्टेशनपासून काटकोनात निघतो, म्हणजे गाव इंग्रजी टी अक्षरासारखं दिसतं. मग दुकानांच्या माथ्यावरची वर्षं वाचा. विटांच्या इमारतीवर वरच्या बाजूला बांधल्याचं वर्ष कोरायची पद्धत होती. ती सगळी वर्षं वहीत उतरवा. बहुतेक गावांत ती दहा-पंधरा वर्षांच्या एका झुबक्यात येतात आणि मग एकदम थांबतात. झुबका कुठे संपतो ते वर्ष अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर पाण्याच्या टाकीचा पाया शोधा. टाकी लाकडाची असेल तर केव्हाच गेलेली असते, पण काँक्रीटचे ठोकळे गवतात राहतात. टर्नटेबलचा गोल खड्डा बुजवला तरी उपग्रहाच्या चित्रात कोरड्या उन्हाळ्यात तो गोल वेगळ्या रंगाचा दिसतो. मी घरून निघायच्या आधी हे चित्र नेहमी बघतो. जिथे आता काही नाही तिथे काय होतं हे माहीत असलं, की उभं कुठे राहायचं ते कळतं.

कागद: इथे वेळ द्या

सॅनबॉर्न कंपनीचे आगविमा नकाशे ही माझ्या मते सगळ्यात मोठी देणगी आहे. १८६७ पासून या कंपनीने अमेरिकेतल्या हजारो गावांतली घरं न घरं मोजून काढली, कारण विमा कंपन्यांना आगीचा धोका ठरवायचा होता. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर यातले पुष्कळ नकाशे फुकट बघता येतात. प्रमाण बहुधा एका इंचाला ५० फूट. रंग पाठ करा: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. डी लिहिलेलं म्हणजे राहतं घर, एस म्हणजे दुकान. एफ बी असं लिहिलेलं घर दिसलं तर तो वेश्यावस्तीसाठी वापरलेला सभ्य शब्द असतो. रुळांच्या जवळ असं एखादं घर बऱ्याचदा दिसतं.

एकाच गावाचे लागोपाठचे नकाशे शेजारी ठेवा. पिवळ्याचं गुलाबी होत जातं तो चढाचा काळ. एकदा मी एका गावाचे चार नकाशे असे लावले आणि चौथ्यात शेडच्या जागी फक्त "पाडली" अर्थाचा एक शब्द होता. त्या एका शब्दाने मला तोपर्यंत वाचलेल्या सगळ्या स्मरणिकांपेक्षा जास्त सांगितलं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हे नकाशे विमा उतरवण्याजोग्या भागापुरते असतात. रुळांच्या पलीकडची वस्ती त्यात बऱ्याचदा अर्धवट कापलेली असते, आणि नेमकी तिथेच रूळ ठोकणारी, गिट्टी भरणारी गँगमन मंडळी राहत असत. प्रदेशानुसार ती चिनी, जपानी, ग्रीक, मेक्सिकन किंवा कृष्णवर्णीय. गावाच्या शताब्दीच्या छायाचित्रांत हे लोक जवळजवळ नसतात. त्यांना शोधायचं तर जनगणनेकडे जावं लागतं.

जनगणनेच्या घरोघरच्या नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० च्या नोंदी १ एप्रिल २०२२ ला खुल्या झाल्या, १९६० च्या २०३२ मध्ये होतील. १८९० च्या नोंदींवर वेळ घालवू नका, १९२१ च्या आगीनंतर त्या जवळजवळ सगळ्याच गेल्या. १९१० आणि १९२० च्या तक्त्यात माणसाचा धंदा आणि तो कुठल्या उद्योगात आहे असे वेगळे रकाने आहेत. तिथे "वाफेची रेल्वे" असं लिहिलेलं सापडेल. त्याखालची माणसं मोजा: ब्रेकमन किती, बॉयलर बनवणारे किती, गँगमन किती, स्टेशनवर तार पाठवणारा कोण. आणि त्यांच्या जिवावर राहणाऱ्या भाडेकरू ठेवणाऱ्या विधवा किती, हेही मोजा, त्यांना विसरू नका. मग तेच १९४० आणि १९५० साठी करा. हे मोजणं कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

आणखी दोन सरकारी खजिने फारच थोडे लोक उघडतात. १९१३ च्या कायद्याने देशातल्या रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेचं मूल्यमापन झालं. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते नकाशे आणि मोजणीच्या नोंदी आहेत. एखाद्या आडस्टेशनवरचा मालधक्का किती लांब होता इथवर तपशील मिळतो. दुसरा खजिना मार्ग बंद करण्याच्या अर्जांचा. १९२० पासून कंपनीला मार्ग कायमचा सोडायचा तर आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी लागायची. सुनावणीत गावचा धान्यव्यापारी, लाकडाच्या वखारीचा मालक, डॉक्टर असे लोक उभे राहून बोलत. वर्षाला किती वाघिणी (मालगाडीचे डबे) भरल्या याचे आकडे कंपनी देई. गावकऱ्यांचा खरा आवाज मला वर्तमानपत्रांपेक्षा या साक्षींत जास्त ऐकू आला.

वर्तमानपत्रात बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती वाचा. "घर विकणे आहे, मालकाची बदली" अशा ओळी एका महिन्यात किती येतात ते बघा.

उतार नेमका कधी सुरू झाला

आता वहीत तीन तारखा लिहा: गावात रेल्वेचा पगार घेणारे सगळ्यात जास्त कधी होते, शेड किंवा टाकी कधी बंद झाली, शेवटची पॅसेंजर कधी गेली. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक गावात त्या याच क्रमाने आल्या, आणि पहिली व तिसरी यांत कधी वीस, कधी चाळीस वर्षांचं अंतर होतं.

हे का होतं ते समजून घ्या. १९३९ मध्ये जनरल मोटर्सचं एफटी हे डिझेल इंजिन देशभर फिरवून दाखवलं. त्याने ११ महिन्यांत ८३,७६४ मैल कापले. मालगाडी ओढायला वाफ लागतेच असं नाही, हे त्या दौऱ्याने सिद्ध झालं. डिझेलला दर काही मैलांवर पाणी नको, राख काढायला नको, बॉयलर धुवायला नको. चार इंजिनं जोडली तरी चालवायला एकच जोडी पुरते. युद्ध संपल्यावर बदल झपाट्याने झाला आणि १९६० पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या गाड्यांवरून वाफ गेली. एखाद्या डिव्हिजन पॉइंटवर शंभर माणसांचं काम होतं, ते गेलं. आणि ही माणसं गावातली पक्की पगारदार होती. घर बांधणारी, चर्चला वर्गणी देणारी, शाळेच्या मंडळावर बसणारी. गावावर राग म्हणून कुणी हे केलं नाही, आणि म्हणूनच गावाला भांडायला समोर कुणी सापडलं नाही.

त्याआधीचा एक धक्काही तपासा. १ जुलै १९२२ ला रेल्वेच्या कारखान्यांतले सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. संप बऱ्याच ठिकाणी मोडला. काही गावांत जुने कामगार परत घेतलेच गेले नाहीत, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला अबोला पुढची पिढी येईपर्यंत टिकला. दुकानांच्या माथ्यावरच्या वर्षांचा झुबका १९२० च्या आसपास थांबत असेल तर हे कारण आधी बघा.

पुढच्या तारखा बहुतेक गावांना सारख्याच लागू पडतात, म्हणून भराभर सांगतो. १९५८ च्या कायद्याने तोट्यातल्या पॅसेंजर गाड्या बंद करणं सोपं झालं. १९६७ मध्ये टपाल खात्याने गाड्यांतली फिरती टपाल कार्यालयं मोठ्या प्रमाणावर काढून घेतली आणि त्या उत्पन्नावर तगलेल्या गाड्या कोसळल्या. १ मे १९७१ ला अ‍ॅमट्रॅक ही पॅसेंजर गाड्या चालवणारी राष्ट्रीय कंपनी सुरू झाली, तेव्हा उरलेल्यांतल्याही पुष्कळ गाड्या गेल्या. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं, आणि त्यानंतर फाटे (मुख्य मार्गाच्या शाखा) विकणं, सोडून देणं वाढलं.

कधीकधी मात्र कारण एकच आणि स्वच्छ असतं: मार्गच बदलला. यूटातलं प्रोमोंटरी बघा. १० मे १८६९ ला देशाच्या दोन टोकांकडून आलेले रूळ तिथे जुळले. १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरून थेट जाणारा ल्युसिन कटऑफ हा जवळचा मार्ग झाला, सुमारे ४४ मैल आणि डोंगराचा चढ वाचला. मुख्य वाहतूक तिकडे गेली. १९४२ मध्ये युद्धासाठी पोलाद हवं म्हणून प्रोमोंटरीचे रूळच उखडून नेले.

आणि याच्या अगदी उलट चित्र त्या अक्षरमालेच्या गावांत आहे. तो मार्ग आजही जिवंत आहे. एक्झिटरच्या फाटकावर थांबलात तर समोरून मैलभर लांबीची मालगाडी धडधडत जाते, तिच्यामागे दुसरी येते. गाड्या भरपूर आहेत, फक्त त्या इथे थांबत नाहीत. "रेल्वे गेली म्हणून गाव गेलं" हे वाक्य लिहायच्या आधी हे दृश्य आठवा.

एक गाव पूर्ण बघू: थरमंड

वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हरच्या खोल दरीत थरमंड आहे, वर म्हटलेल्या चौथ्या प्रकारचं गाव. या दरीतून जाणारी चेसापीक अँड ओहायो रेल्वे १८७३ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी कॅप्टन विल्यम थरमंड यांना मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून ७३ एकर जागा मिळाली होती. आजूबाजूच्या डोंगरांतून कोळसा निघू लागला, फाट्यांवरच्या वाघिणी इथे गोळा व्हायच्या आणि मुख्य मार्गाला लागायच्या. दरी इतकी अरुंद की मुख्य रस्त्याला जागाच नव्हती. बँक, दुकानं, हॉटेल यांच्या दारासमोर थेट रूळ. तिथे उभं राहिलं की मालगाडी तुमच्यासमोरून बाजारातून गेल्यासारखी जाते.

१९१० च्या सुमारास दिवसाला १५ पॅसेंजर गाड्या आणि वर्षाला ९५,००० पर्यंत प्रवासी, असे आकडे राष्ट्रीय उद्यान सेवा देते. नदीपलीकडे १९०१ मध्ये उघडलेलं डनग्लेन हॉटेल होतं, ते १९३० मध्ये जळालं. त्यानंतर मंदीत बँक बंद पडली. मोटारीचे रस्ते आले. तरीही रेल्वेची नोकरी होती, कारण इंजिनांना कोळसा आणि पाणी लागत होतंच. रुळांवर उभा असलेला काँक्रीटचा कोळशाचा मनोरा आजही बघायला मिळतो. या गावाच्या बाबतीत तुमची नजर त्या मनोऱ्यावर हवी. डिझेल आलं आणि त्याचं काम संपलं, तिथून गाव सावरलं नाही. २०२० च्या जनगणनेत थरमंडमध्ये ५ माणसं होती.

गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की पॅसेंजर गाडी तिथे अजून आहे. अ‍ॅमट्रॅकची कार्डिनल आठवड्यातून तीन दिवस जाते आणि कुणी चढणार-उतरणार असेल तर थांबते. १९०४ च्या स्टेशनात आता उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे. शेवटची गाडी अजून गेलीच नाही, म्हणून गाव अजून भरभराटीत आहे असं कुणी म्हणेल का?

माणसांशी बोलताना

कागद बघून झाल्याशिवाय बोलायला जाऊ नका. "तुमच्या गावाचं काय झालं?" असा प्रश्न विचारलात तर लोक स्मरणिकेतलं वाक्य ऐकवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, एवढ्या मोठ्या प्रश्नाला दुसरं उत्तर काय देणार? बारीक विचारा. तुमच्या घरी कॉलबॉय कुठल्या दाराने यायचा? वडिलांचं घड्याळ कोण तपासायचं? शिट्टीवरून इंजिनाचा ड्रायव्हर ओळखू यायचा का? कपडे वाळत कुठल्या बाजूला घालायचे, काजळी पडू नये म्हणून? मी हा शेवटचा प्रश्न विचारला की बायका खुलतात आणि मग सगळं गाव उभं राहतं: कोण कुठे राहायचं, कोण आधी गेलं, कुणाचं घर विकलंच गेलं नाही.

बदली झालेल्यांनाही शोधा. वरिष्ठतेनुसार नोकरी असल्यामुळे जुनी माणसं पुढच्या शेडला गेली आणि तरुणांची कपात झाली. म्हणून एकाच गावच्या दोन घरांत त्याच वर्षाच्या दोन वेगळ्या आठवणी असतात. एकाकडे "बाबा लांब कामाला जायला लागले", तर दुसऱ्याकडे "आम्ही कॅलिफोर्नियाला गेलो". दोन्ही लिहा, त्यांचा सांधा जुळवायच्या मागे लागू नका.

बोलणं ध्वनिमुद्रित करायची परवानगी आधी मागा, आणि लिहून झाल्यावर ज्याने सांगितलं त्याला वाचून दाखवा. तारखा तिथेच दुरुस्त होतात. माझ्या पहिल्या लेखातली चूक अशीच सुधारली. त्या बाईंनी सांगितलेला उन्हाळा मी वर्तमानपत्राच्या जाहिरातींत शोधला, तो सापडला, सातपैकी पाच घरंही सापडली. नव्या लेखाची एक प्रत त्यांना दिली, एक काउंटीच्या ऐतिहासिक संस्थेत आणि एक त्याच ग्रंथालयात ठेवली, जुनी परत मागून घेऊन. तुम्हीही प्रती तिथेच ठेवा आणि सोबत जनगणनेतून मोजलेला तक्ता जोडा. १९६० च्या नोंदी २०३२ मध्ये खुल्या झाल्या की पुढचा रकाना भरायला कुणाला तरी तो लागेल.